मंदाक्रांतेच्या चालीची काळी बियर

"पोरीला समजव. तुझं ऐकते ती," एवढं बोलून बाळारामनं फोन ठेवला, आणि मी पिशवी भरायला घेतली.

बाळाराम माझा शाळेतला बाकसोबती. भिवंडीच्या शाळेत आम्ही दोघांनी एकाच पुस्तकातून कविता पाठ केल्या. पुस्तक माझं, आवाज त्याचा. पुढे मी पोस्टात लागून नाशिकचा झालो, तो दिघाशीला आपल्या भातशेतीवर राहिला. त्याची मुलगी निशा कॉलेजसाठी आमच्या घरी राहायला होती. तिनं पुण्यात बियरच्या कारखान्यात नोकरी केली, आणि दीड वर्षापूर्वी सगळे परवाने मिळवून बापाच्या रस्त्याकडेच्या शेडमध्ये स्वतःची बियर करायला लागली. आता तीच शेड एका गोदामवाल्याला हवी होती. रविवारी दलाल येणार, बाळाराम होकार देणार. त्याआधी निशानं मुकाट्यानं टाक्या हलवायला राजी व्हावं, ही कामगिरी माझ्यावर आली होती.

"आता आपले किती दिस राहिले, वसंता? सगलं लावून टाकतो," असं तो हल्ली वरचेवर म्हणतो.

शनिवारी सकाळची एसटी धरली. पंच्याहत्तरी उलटल्याचा एकच उघड फायदा म्हणजे कंडक्टर हात जोडून शून्याचं तिकीट देतो. जानेवारीचे दिवस. इगतपुरीला खिडकी बंद करावी लागली, कसारा घाट उतरल्यावर स्वेटर काढावा लागला. घाटात माझ्या ओठांवर आपोआप वृत्तं येतात. वळणं असतात भुजंगप्रयाताची, बस मात्र गद्य. पडघ्याला गाडी थांबली तिथे गरम वडापाव खाल्ला. मिरची जपून खा, पुढे पाण्याची सोय लांब आहे.

भिवंडी बायपासला उतरून रिक्षानं आधी नारपोलीत गेलो. वाट वाकडी होती, पण लहानपण तिथलं. यंत्रमाग चालू असले की गल्लीच्या भिंतींना हात लावून आतला ठेका मोजता यायचा; त्या ठेक्यावर मी गणवृत्तं शिकलो. आता निम्म्या शेडना कुलूप. एका चालू शेडपाशी डोळे मिटून उभा राहिलो, तर बाहेर चहा पीत बसलेल्या कामगारानं विचारलं, "चाचा, किसको ढूँढ रहे हो?"

"किसी को नहीं. आवाज सुनने आया हूँ."

"आवाज?" तो साथीदाराकडे वळून हसला. "ले जाओ चाचा, पूरा ले जाओ! नाइट शिफ्ट करके आए हैं, हमको सोना है."

भिवंडीहून अंबाडी नाक्यापर्यंत शेअर रिक्षा मिळते. ती भरेपर्यंत हलत नाही, म्हणून घाई असेल तर दोन सीटचे पैसे देऊन मोकळे व्हा. वाड्याच्या या रस्त्याचं काम चालू होतं. दिघाशीला पोचलो तेव्हा माझे केस होते त्याहून पांढरे झाले होते. बाळारामच्या अंगणात तांदळाची भाकरी आणि सुकं मटण तयार होतं. जेवण झाल्यावर मला शेडकडे पिटाळताना कानात म्हणाला, "ती काली बियर दावंल तुला. पोरीनं जव जालला, न आता तोच लोकांना विकते."

शेडमध्ये शिरताच वास आला. शिजलेल्या धान्याचा, पेजेसारखा, पण मागे भाजकी झाक. स्टीलच्या तीन उंच टाक्या, ओली फरशी, आणि गमबूट घातलेली निशा.

"काका, तुम्ही कशाला आलात ते मला माहितेय," ती म्हणाली. "आधी प्या, मग समजवा."

पहिल्यांदा तिनं फिकट सोनेरी बियर दिली. ठाण्यातली दोन हॉटेलं तीच जास्त घेतात. चांगली होती, हलकी, दिंडीच्या चालीची. मग तिनं छोट्या गोल पेल्यात ती काळी आणली: इंपीरियल स्टाउट. नेहमीच्या बियरच्या दुप्पट कडक, म्हणून पेला लहान. प्रवासानं घसा सुकलेला, मी म्हटलं, "बर्फ आहे?" ती नको नको म्हणेपर्यंत मी शेजारच्या पेटीतला खडा उचलून टाकलासुद्धा. एक मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. गार, कडू, काढ्यासारखं. निशाचा चेहरा पडला. तिनं दुसरा पेला भरून माझ्यापुढे ठेवला. "याला हात लावू नका, आधी गारवा उतरू दे. तोवर नारपोलीचं सांगा."

मी सांगत बसलो. कुठली गल्ली, कुठला माग, बाळाराम कविता म्हणताना मान कशी उडवायचा. अर्धापाऊण तास तरी गेला असेल. मग तिनं पेला माझ्याकडे सरकवला.

तो ट्यूबलाइटसमोर धरला. मी समजत होतो तशी ती काळी नव्हती. कडेला काकवीची लाली होती. फेस बदामी, दाट. नाकाशी नेल्यावर भाजलेले चिंचोके, मग कॉफी, मग गुऱ्हाळात कढईच्या काठाला लागलेला गूळ. आणि घोट! मला एकदम मंदाक्रांता आठवली. त्या वृत्तात आधी चार गुरू येतात, चार जड पावलं. इथेही तसंच: कडवटपणा, करपलेला गूळ, खजूर, आणि जिभेवर बसणारा साईसारखा जाडपणा. मग पाच लघू भरभर धावतात. तशी एक बारीक आंबट झुळूक येऊन गेली. आणि शेवटी ती झुलत जाणारी अक्षरं, तशी ऊब घशातून छातीत हळूहळू उतरली. गिळल्यावरही चव संपेना. माझ्या आयुष्यात मी फारशी बियर प्यायलेलो नाही, पण चालीतली कविता ओळखता येते मला.

"खोट काय?" निशानं विचारलं. तिला कौतुक नको होतं.

"शेवटी दारूची झळ जरा पुढे येते. अजून थोडी ठेवलीस तर निवेल."

"दोन महिने," ती लगेच म्हणाली. "पण ठेवू कुठे? उद्या दलाल येतोय." सोबत तिनं तिळाची वडी दिली. गूळतीळ आणि ही बियर, ही जोडी करून पाहाच.

मी समजावणीचा विषय काढलाच नाही.

रविवारी दुपारी दलाल शेडमध्ये आला, खुर्चीवर बसला, चहा घेतला. "शेठ, मग पक्कं ना?"

बाळारामनं माझ्याकडे पाहिलं. "समजावलंस तिला?"

"नाही. आधी तू चाख."

"मी? बियर पिऊन मानूस नुसता मोरीच्या वाऱ्या करतो."

निशानं पेला आणून त्याच्या हातात दिला. "बाबा, दीड वर्ष झालं. एकदा तरी."

पाहुण्यासमोर नको म्हणणं त्याला जमेना. त्यानं पेला हुंगला. परत हुंगला. मग करंगळीशेजारचं बोट आत बुडवलं आणि तीन थेंब जमिनीवर शिंपडले.

इकडच्या घरांत ताडी असो, घरची गाळलेली असो, पहिले थेंब पितरांचे. पण बियरला हा मान नाही. बाळारामच्या घरच्या कित्येक हळदींना मी गेलोय. बियर तो सोड्यासारखी फोडतो आणि पितो, पितरांची आठवण काढत नाही. आपण काय केलं ते त्यालाच कळलं नसावं. निशाला कळलं. ती पाठ फिरवून टाकीचा नळ आवळायला लागली. तो आधीच बंद होता.

बाळाराम हळूहळू प्यायला. "जड हाय," तो म्हणाला. आणखी एक घोट. "किती दिस लागतान हिला?"

"चार महिने, बाबा. घाई केली की बिघडते."

"म्हंजे भातासारखाच." त्यानं पेला खाली ठेवला नाही. दलालाला म्हणाला, "पुढची अर्धी शेड घे. मागची रिकामी न्हाय."

दलालानं तोंड उघडायच्या आत निशा वळली. "बाबा, नळ आणि गटार पुढच्या बाजूला आहेत. मागची द्या."

"मंग त्याच्या गाड्या कुठशी लागतील?"

"कुंपण फोडा."

"कुंपन फोडा म्हनते! तुझ्या बापाचा हाय का?"

"बापाचंच आहे."

दलाल आधी हसला, मग मी. बाळाराम हसला नाही, रिकामा पेला मुलीपुढे धरून म्हणाला, "अजून हाय का?"

नाशिकला परतलो त्याला आता दोन आठवडे झाले. जाणाऱ्यांसाठी सांगतो: शेडवर बसून प्यायची सोय नाही, मला पाहुणा म्हणून मिळाली. ठाण्यात मिळते. एकट्यानं पूर्ण पेला घेऊ नका, दोघांत एक पुरतो, आणि परतीला गाडी दुसऱ्यानं चालवावी. एवढ्या लांब गेलातच तर वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं जवळ आहेत.

कामगिरी फसली, याचं मला वाईट वाटत नाही. निशाकडे निम्मी शेड राहिली, कुंपण फुटलं. आणि काल बाळारामचा फोन आला.

"नवी टाकी लावली पोरीनं. मे महिन्यात तयार होल. येशील न?"

हल्ली मी डॉक्टरच्या पुढच्या तारखेपलीकडचं काही कबूल करत नाही. त्याला तसं म्हटलं.

"ऐक वसंता," तो म्हणाला. "त्याच्या आधी गेलास तर तुझ्या नावानं एक थेंब पन टाकनार न्हाय मी. पियाची असंल तर जिता ये."