तणसाचे सारस

पार्सल उघडलं तर आतून केसांच्या तेलाची बाटली निघाली. म्हणजे बाटलीचा ब्लॉक. त्या काळी चित्र छापायचं असलं की ते जस्ताच्या पत्र्यावर उलटं उमटवून घ्यावं लागे आणि तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला असे. त्याला ब्लॉक म्हणत. आमचे ब्लॉक नागपूरहून बनून येत. आम्ही मागवली होती कमळातली लक्ष्मी. ती कुठल्या तेलवाल्याच्या घरी गेली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी गोंदियातल्या एका छापखान्यात आर्टिस्ट होतो. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. दिवसभर मी बीडीच्या बंडलांची लेबलं काढायचो. वाघ, मोर, पैलवान. छापखान्याच्या मालकांना सगळे बाबूजी म्हणत. लक्ष्मीचा ब्लॉक एका राइस मिलच्या सेठजींच्या दिवाळी कार्डांसाठी होता. साठ-सत्तरच कार्डं, पण ती जायची बड्या व्यापाऱ्यांना, थेट कलकत्त्यापर्यंत.

"मास्टर, दूसरा ब्लॉक कब मिलेगा?" बाबूजींनी विचारलं.

"दिवाळी झाल्यावर."

"फिर तो होली का कार्ड छाप देते हैं."

बाबूजी हसले नाहीत. सेठजींच्या मिलची सगळी छपाई आमच्याकडे होती. ती गेली असती तर पहिली नोकरी माझी गेली असती. खिळे जुळवणारा कंपोझिटर रोज लागतो, आर्टिस्ट कधीतरी लागतो.

"हातानं करतो," मी म्हणालो.

"काहे से?"

"धानाच्या तणसापासून."

नागपूरला ड्रॉइंगच्या परीक्षेला गेलो होतो तेव्हा एका मास्तरांच्या घरी भिंतीवर तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, चित्र पाहिलं होतं. सोन्यासारखं चमकत होतं. माझं त्यातलं ज्ञान एवढंच.

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझं लग्न झालं होतं. यशोदा देवरीकडच्या खेड्यातली. आमच्या घरी वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायची रीत नव्हती. ती पाण्याचा तांब्या ठेवी, मी उचली. तिला गोंदिया आवडलं नाही, की मीच आवडलो नाही, हे मला कळत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती.

शेजारच्या गोठ्यातून मूठभर तणस आणून मी मागच्या पडवीत बसलो. कोळशाची इस्त्री पेटवली. काडी उभी चिरायची, पाण्यात भिजवायची, उलगडून पट्टी करायची आणि इस्त्रीनं दाबायची, असा माझा अंदाज. पट्ट्या तुटल्या. उरल्या त्या जळाल्या. यशोदा उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. बराच वेळ तिनं पाहिलं.

"अजी, ते जुनं तनस होय," ती म्हणाली. "त्याले चमक कुठून येईन? हलक्या धानाचं नवं आणा."

हलका धान म्हणजे लवकर कापणीला येणारा. लग्नानंतर ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं पुरं वाक्य. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. मग आतून आईचा आवाज आला, "कामाचं असन तर बोला."

मी लगेच सायकल काढली. गावाबाहेर एका बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कापणी चालली होती. शेतकऱ्यानं पेंढी बांधून दिली आणि विचारलं, "गाय घेतली का जी?"

"नाही. दिवाळीची कार्डं करायची आहेत."

त्यानं माझ्याकडे जरा पाहिलं आणि पुन्हा कापणीला लागला.

नव्या तणसानंही पहिल्या दिवशी दाद दिली नाही. यशोदा म्हणाली, रातभर भिजू द्या. सकाळी पट्ट्या काळपट पडलेल्या. मी म्हणालो, मैद्याच्या खळीनं चिकटवू. पट्ट्या फुगून निघून आल्या. दोघंही एकेकदा चुकलो, त्यामुळे बोलणं सोपं झालं. शेवटी थोडंच भिजवलं, पातळ डिंक घेतला. इस्त्री हलकी फिरवली की सोनेरी रंग येई, जरा जास्त टेकवली की तांबूस. रंगाची गरजच पडली नाही.

माझं कमळ मात्र पानकोबीसारखं दिसत होतं.

"सारस काऊन नाही करत तुमी?" यशोदानं विचारलं. "आमच्या बांधीत जोडी येते. तनसासारखेच पाय असतात त्याईचे."

बीडीच्या लेबलांचा निळा कागद छापखान्यात उरलेला होता. त्यावर मी सारसांची जोडी बेतली. पट्ट्या कापायला ती बसली. तिची कात्री माझ्याहून बारीक चालायची. पंखावर काडीची रेघ कुठं वळवायची ते मी सांगायचो.

पहिलं कार्ड पाकिटात घालून मी माझ्याच पत्त्यावर पोस्टात टाकलं. टपालातून कसं येतं ते बघायला हवं होतं. पोस्टमननं पाकीट दिलं. उघडलं तर एका सारसाची मान तुटून दोन तुकडे. तिकिटावर पोस्टाचा शिक्का हातोड्यासारखा आपटतात, तो नेमका मानेवर बसला होता. यशोदानं तुकडे तळहातावर घेतले.

"मेला हा," ती म्हणाली. मग मला विचारलं, "शिक्का रोज तिथंच मारतात का जी?"

तिकीट उजवीकडे वरच्या कोपऱ्यात असतं, म्हणून शिक्काही तिथंच. मी जोडी खाली डावीकडे सरकवली. वरचा उजवा भाग कोरा निळा सोडून दिला. पुढचं कार्ड धडधाकट आलं.

ते घेऊन बाबूजी आणि मी सेठजींकडे गेलो. त्यांनी कार्ड दोन बोटांत धरलं.

"ये क्या है, मास्टर? लक्ष्मीजी कहाँ हैं? दिवाली पर ब्यापारी को घास भेजूँ? वो बैल है क्या?"

बाबूजी माझ्याकडे बघायला लागले.

"सेठजी," मी म्हणालो, "पाकिटावर पोस्टाचा हातोडा बसतो. तो लक्ष्मीच्या तोंडावर बसलेला चालेल का? आणि दिवाळी झाल्यावर ते कार्ड कुठं जाईल, रद्दीतच ना?"

सेठजींनी कार्डावर बोट ठेवलं.

"और ये दो बगुले?"

"बगळे नाहीत, सारस आहेत. यांची जोडी सुटत नाही."

बाबूजींना तेवढ्यात सुचलं. "आप और आपका ब्यापारी, सेठजी. और जिस धान का चावल आप भेजते हो, उसी का तनस है."

सेठजींनी कार्ड खिडकीकडे नेलं, तिरकं केलं. पंखांवरून उजेड सरकला.

"चमकता तो है," ते म्हणाले. "बनाओ."

पुढचे दिवस पडवीत गेले. काम असल्यामुळे बोलायला बंदी नव्हती. पट्टी कापता कापता यशोदा तिच्या गावच्या तळ्याचं सांगे, धाकट्या बहिणीचं सांगे, मोहफुलं वेचायला जाताना एकदा अस्वल दिसलं त्याचं सांगे. मी छापखान्यातल्या गमती सांगे. मधेच आई आतून विचारी, "हे कामाचं होय का?"

"हो, सारसाचंच आहे," मी म्हणे.

यशोदा मान खाली घालून हसायची. ती हसते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कार्डं वेळेवर तयार झाली. बाबूजींनी स्वतः बसून ती पाकिटांत नीट सुलट, कोरा कोपरा तिकिटाखाली येईल अशी घातली. दिवाळीनंतर सेठजी छापखान्यात आले, ते कलकत्त्याचं पत्र घेऊनच. तिथल्या व्यापाऱ्यानं लिहिलं होतं, पक्षी सुंदरच आहेत, पण वरचं मोकळं आकाश त्याहून सुंदर, तुमच्या चित्रकाराला फार समज आहे.

"आकाश में क्या सोचा था, मास्टर?" सेठजींनी विचारलं.

बाबूजी खोकले. मी म्हणालो, "तिथं काही नको होतं."

पुढच्या वर्षी सेठजींनी छापील लक्ष्मीच मागितली. ते बरोबरच होतं. ब्लॉकचं काम एका दुपारात उरकतं, तणसाला आठवडे लागतात.

पण त्या पहिल्या वर्षी ऑर्डर संपली तशी पडवी झाडून झाली आणि घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं. ती तांब्या ठेवी, मी उचली. असे काही दिवस गेले. मग एका रविवारी मी सायकल काढली आणि तणसाची आणखी एक पेंढी घेऊन आलो.

"आता कोनाची ऑर्डर?" आईनं विचारलं.

"आहे एका पार्टीची."

यशोदानं पार्टीचं नाव विचारलं नाही. ती इस्त्रीत कोळसे भरायला लागली होती.

पुढं कित्येक वर्षं छापखान्यात नवीन येणाऱ्याला मी एक गोष्ट सांगत असे. ऑर्डर असो वा नसो, कच्चा माल संपू देऊ नये.