रामरावांना दाखवायचं लग्न

बदनापुरात लग्नाचं शूटिंग म्हटलं की आमचा राजानंद. कामाला वाघ, पण हट्टी असा की शहाण्यानं नादी लागू नये. मांडवातला गोंगाट काढून टाकायचा आणि वर गाणी चढवायची, ही त्याची खासियत. लोकांनाही तेच आवडायचं.

शालूच्या लग्नात तिचे वडील रामराव जालन्याच्या दवाखान्यात होते. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात गाठ. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तोही काढणार होते. "तेवढं लग्न दाखव रे," एवढंच त्यांनी राजानंदकडं मागितलं होतं.

त्या दिवशी सकाळी सातला त्यानं व्हिडिओ तयार करायला लावला. कॉम्प्युटरनं नऊ तास दाखवले. सगळा भार एकट्या प्रोसेसरवर. मी म्हटलं, पाच मिनिटांचा तुकडा तरी दे. "अर्धवट लग्न दाखवू का, मास्तर?" म्हणत तो जालन्याला पळाला आणि कलीमकडून ग्राफिक्स कार्ड मागून आणलं. त्यावर हेच काम अर्ध्या तासाचं.

नवी वस्तू पूजेशिवाय बसवायची नाही, म्हणून त्याच्या बायकोनं, मीनानं, कार्डाला ओलं हळदीकुंकू लावलं. कार्ड बसलं, पण कॉम्प्युटरला ते दिसेचना. कार्ड चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर तीनदा टाकलं, सेटिंगं उलटीपालटी केली. बारा वाजून गेले.

"दोनला अंधार व्हईल त्यांना, अन् मी इथं बटनं दाबून राह्यलो!" म्हणत तो ढसाढसा रडला.

शेवटी त्यानं कार्ड उपसलं. कॉम्प्युटरला जोडणाऱ्या खालच्या सोनेरी पट्टीवर कुंकू वाळून बसलं होतं.

"तीच चमकत व्हती, म्हून तिथंच लावलं," मीना म्हणाली. तिच्यावर ओरडायलाही त्याच्यात त्राण नव्हतं. माझ्या खिशातल्या खोडरबरानं त्यानं पट्टी घासली. कार्ड लागलं आणि काम सरसर पुढं सरकलं.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. रामरावांना आत नेलं होतं.

संध्याकाळी ते शुद्धीवर आले. डोळ्यांवर पट्टी.

"लाव," ते म्हणाले. "ऐकतो तरी. वाटं लावताना पोरगी काय म्हनली, तेवढं लाव."

राजानंदनं मोबाइलवर तो भाग लावला. शालू हुंदके देत होती, तिचे ओठ हलत होते. मोबाइलमधून सनई वाजत होती.

"मंग?" रामरावांनी विचारलं. "कधी बोलती?"

राजानंदनं तिचा आवाज मांडवातल्या गोंगाटाबरोबरच काढून टाकला होता.