झिलूदादाचं बसणं

आमच्या गुंद गावात झिलूदादासारखा झाडावर चढणारा माणूस नव्हता. नात्याने माझा चुलतभाऊ. भाताच्या शेतात घालायला ओला पाला, म्हणजे आमचा सोप्पू, काढायला तो मत्तीच्या झाडाच्या पार शेंड्याला जायचा आणि वरून माझ्यावर ओरडायचा, "खाली बघत काय बसलास? भारा बांध!" एका सकाळी फांदी मोडली आणि दादा खाली आला. कमरेचं हाड जुळलं ते वाकडंच, एक पाय अधू झाला. तरी काठी टेकत तो गोठ्यापर्यंत जायचा, बांबू सोलून टोपल्या विणायचा, परसात बसल्या बसल्या कंद खणायचा. पण टोपल्यांवर घर कितीसं चालणार? म्हणून अपंगांच्या पेन्शनीसाठी अर्ज केला.

त्यासाठी निदान चाळीस टक्के अपंगत्व लागतं. तपासणीला मीच त्याला घेऊन गेलो. आम्हा कुणब्यांत देवळात किंवा गावच्या बुधवंताच्या, म्हणजे आमच्या म्होरक्याच्या, उंबऱ्याआत काठी नेत नाहीत. ती चपलांशेजारी बाहेर राहते. दादाने डॉक्टरांच्या दाराशीही तेच केलं. काठी बाहेर ठेवली आणि ओठ दाताखाली दाबून, भिंतीला धरून आत गेला. शिवाय डॉक्टर 'बसा' म्हणेपर्यंत हात जोडून उभा राहिला. डॉक्टरांनी मान वर करून एकदा पाहिलं आणि पस्तीस टक्के लिहिलं. मान राखला त्याची ही शिक्षा! तेव्हा आलेला संताप अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही.

अपील केलं. दुसऱ्या तपासणीला मी दादाला काठीसकट आत घुसवला. तिथले साहेब म्हणाले, निकाल नंतर कळेल, त्याआधी चौकशीला घरी माणूस येईल. कधी? कधीही.

त्या 'कधीही'ने घराची झोप उडवली. त्यात शेजारच्या विमलकाकूने भर घातली. कुळगीकडच्या कुणाला तरी म्हणे पाण्याची घागर नेताना पाहिलं आणि पेन्शन तोडली. खरं-खोटं देव जाणे, पण दादाच्या बायकोने, रुक्मावैनीने, धसकाच घेतला.

"जगलीवरनं उठायचं न्हाई," तिने ओसरीकडे बोट दाखवून बजावलं. "सायेब कवा यील, काय सांगावं?"

"अगं, गोठ्यापातूर तरी जातो."

"गुरं मी बघती. तुमी बसा."

दादा बसला. पावसाळा गेला, सुगी गेली, दादा जगलीवरच. येणारे-जाणारे चेष्टा करायचे, "झिलू, हलू नको रे, सायेब माडावर चढून बघतोय!" दादाही आधी हसायचा. मग हसेनासा झाला. उळवीच्या जत्रेच्या गाड्या दारावरून गेल्या तेव्हा तो पोरासारखा काकुळतीला आला, "एक डाव देवाला जाऊन येतो गं." वैनी म्हणाली, "देव समजून घील. सायेब घ्याचा न्हाई." मला वैनीचा राग येत नाही. ज्यांनी एका जित्या माणसाला असं बांधून ठेवलं, त्यांचा येतो. मी कचेरीत खेटे घालायचो. तिथे कानडीत उत्तर ठरलेलं, "आगुत्ते, आगुत्ते." होईल, होईल.

पुढच्या पावसाळ्यात माणूस आला. अंगातला रेनकोटही न काढता त्याने अंगणातूनच मोबाइलवर दादाचा फोटो काढला. "बसलेत ना? पुरे," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला. एवढ्यासाठी!

दिवाळीनंतर निकाल लागला. पंचेचाळीस टक्के, पेन्शन मंजूर. मीच कागद घेऊन धावत आलो. वैनीने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. कितीतरी दिवसांनी ती मोकळं हसत होती.

"झालं बघा! आता कोण बी बघू दे. उठा, गोठ्याकडं जाऊन या. गाईला पाडी झालीया, बघितली सुदीक न्हाई तुमी."

दादाने खांब धरला. अर्धा उठला, पाय लटपटले, बसला. पुन्हा उठायला गेला. चांगला पायही वाळून गेला होता, हे मला त्या दिवशी दिसलं.

"अवो, आता नाटक कशाला?" वैनी हसत म्हणाली.

दादा तिसऱ्यांदा खांबाला झोंबला आणि खाली बसला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "नाटक न्हाई, रुक्मा."