कारंज्यावरचा पहारा

बदली होऊन या शहरात आले, तेव्हा माझ्याशी आपणहून बोलले ते बागेतले एक काका. "तुम्हीही पकडताय का?" त्यांनी मोबाईल दाखवत विचारलं. बागेत हिंडत पडद्यावरचे प्राणी पकडायचा तो खेळ. मग रोज संध्याकाळी आम्ही चार-पाच खेळणारे सोबत फिरू लागलो.

हल्ली काका येत नाहीत. काल रखवालदाराकडे चौकशी केली.

"नाव काय त्यांचं?"

मला खेळातलं 'वाघोबा' एवढंच ठाऊक होतं. इतकं सोबत चालूनही हाक मारायला नाव नव्हतं.

खेळात कारंज्यावर अजून काकांचाच प्राणी पहारा देतोय. त्याला हरवलं की तो तिथून हटतो आणि जागा आपल्या प्राण्याला मिळते; हरवणं सोपं होतं.

"राहू दे ना, ताई," आमच्यातली एक मुलगी हळूच म्हणाली.

मी मोबाईल पर्समध्ये ठेवला.