वशिंडाखालचा अंगठा

बेंदराच्या बाजारात काल शांताकाकूंनी बैल फोडला. मातीचे बैल घडवणाऱ्या या म्हाताऱ्या कुंभारणीकडून मी दरवर्षी जोडी घेतो. काल समोरच्या दुकानात प्लॅस्टरचे बैल रांगेत मांडले होते, आणि प्रत्येकाची मान काकूंच्या बैलासारखीच डावीकडे वळलेली होती.

"हा माझा बैल आहे," काकू म्हणाल्या.

"तुमचं नाव लिहिलंय का त्याच्यावर?" दुकानदार हसला.

काकूंनी त्याच्या फळीवरचा हाताला आला तो बैल उचलून दगडावर आपटला. शिंगं उडाली, पोट फुटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दुकानदाराने त्यांचं मनगट पिरगाळलं तेव्हा मी मधे पडलो.

साचा काढायला एक मूळ बैल प्लॅस्टरमध्ये गाडतात आणि मग फोडून बाहेर काढतात. जनावराचं कातडं सोलावं तसा त्याचा आकार सोलून घेतात. कायदा म्हणतो, वस्तू घडली त्या क्षणापासून तिच्यावर घडवणाऱ्याचा हक्क, नाव लिहिलेलं नसलं तरी. पण सुरी चालवणारा कधी थांबून कायदा वाचतो का?

काकूंनी मनगट सोडवून घेतलं आणि तुकड्यांतून वशिंडाचा तुकडा उचलला. त्यांचा अंगठा लहानपणी मोडून वाकडा झालाय. ओला बैल उचलताना तो दरवेळी वशिंडाखाली रुततो. फळीवरच्या सगळ्या बैलांना तिथे तसाच वाकडा खळगा होता.

हातातल्या तुकड्याच्या खळग्यात काकूंनी अंगठा दाबला. तो चपखल बसला. तसाच हात त्यांनी दुकानदाराच्या तोंडासमोर धरला.

"हे घे. वाच."