वर राहिलेला हात

आमच्या गावात अजून सांगतात, की त्या वर्षी तलावाच्या पाणीवाटपाच्या सभेत शेवटच्या टोकाच्या लोकांनी पाणी मागितलंच नाही. बोलायला शिकलेली पोरगी आणली, पण ती मुकी उभी राहिली. हे खोटं आहे. त्या सभेचा अध्यक्ष मी होतो.

लाखनीच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचो. दरवर्षी बारावीच्या मुलांची अभिरूप आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायचो. बाकांवर देशांच्या पाट्या, मुलं त्या त्या देशाचे प्रतिनिधी. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. "जपान, सरक ना बे तिकडं!" असली राजनीती. म्हणून एक नियम कडक केला होता. पाटी वर करायची आणि अध्यक्षांनी पुकारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, कितीही वेळ लागो.

त्या वर्षी वाद एका नदीच्या पाण्याचा होता. नदीच्या शेवटी असलेला देश माझ्याच गावच्या एका मुलीकडे आला. तिच्या वडिलांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आमच्या तलावाच्या पाण्याच्या शेवटच्या टोकाला होत्या. माझ्या अगदी पहिल्या.

वरच्या देशाचा मुलगा छाती काढून म्हणाला, "नदी आमची, आम्ही आधी घेऊ." तिनं पाटी वर केली, मी पुकारेपर्यंत थांबली आणि सांगितलं, की तिच्या आजाच्या काळी पाणी कमी असलं की शेवटच्या बांधीपासून भिजवत यायचे. टोक भिजल्याशिवाय आपली पाळी यायची नाही, म्हणून वाटेतले सगळे शेतकरी पाट राखायचे, मधे कोणी पाणी फोडत नसे. संध्याकाळपर्यंत त्याच तत्त्वावर करार झाला. वरच्या देशानंही सही केली.

मला फार आनंद झाला. मी म्हणालो, "गावच्या सभेतही हेच बोल. अध्यक्ष मीच आहे, तुला बोलायला देईन." तिचे वडील तिला पुढं नागपूरला शिकायला पाठवणार होते. ते सगळ्यांना सांगत फिरायचे, "आमची पोरगी देशादेशाचे भांडण मिटवते जी."

मग पाऊस गेला. धान गर्भात, आणि तलावात जेमतेम एका पाळीचं पाणी. तलावाच्या बांधावर, पाणी सोडायच्या तुडुमाजवळ सभा भरली. सगळे एकदम बोलत होते. मुलगी वडिलांसोबत मागं उभी होती. तिनं हात वर केला.

मी पाहिला. मी पाहिल्याचं तिच्याही लक्षात आलं असावं, असं मला तेव्हा वाटलं. माझ्या बांध्यांत भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, जास्त पाणी लागणारा धान होता. मी दुसऱ्याला बोलायला सांगितलं. मग तिसऱ्याला. तिच्या शेजारचा माणूस हसला, "काहून वो बाई, शाळा होय का हे? बोलाचं तं बोल ना!" ती बोलली नाही. हात मात्र खाली घेतला नाही. माझ्याकडं बघत राहिली, अगदी मी वर्गात शिकवलं होतं तशी. मी जाहीर केलं, पाणी नेहमीप्रमाणं वरून सुटेल, आणि सभा संपवली.

तिच्या वडिलांच्या लोंब्या पोचट निघाल्या. त्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवशी सभा उठताना माझ्यासमोरच ते तिला म्हणाले होते, "इतकी शिकवली, अन् वेळेवर मुकी झाली. नागपूरले जाऊन काय करशीन?" मी तलावाकडं बघत होतो. ती नागपूरला गेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती लाखनीला भेटली. हायवेवरच्या कापडाच्या दुकानात काम करते. मला बसायला स्टूल दिला.

"सर, त्या दिवशी गर्दी लय होती ना," ती म्हणाली. "तुमाले माझा हात दिसलाच नसन."

"नाही दिसला, पोरी."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "बाबाले हेच सांगून राहिली मी इतके वर्स. दिसला असता तं सरांनी पुकारलंच असतं. ते मानत नाही."

तिनं चहा मागवला. मी प्यायलो.

त्यानंतर तिच्या वडिलांच्या अंगणात मी अनेकदा गेलो आणि धानाच्या भावाच्या गोष्टी करून परत आलो. तोंडानं जमत नाही, म्हणून हे लिहिलं. हात मला दिसला होता. हे तिच्या वडिलांपर्यंत पोचलं पाहिजे. पण त्यांना वाचता येत नाही, आणि त्या घरात वाचून दाखवणारी ती एकटीच आहे.