तीन पात्यांचं टोक

अंकलनी मला रानडुकरांच्या शिकारीला येतेस का असं विचारलं, तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. सिंगापुरात, बुओना व्हिस्टाच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे आणि तीन वर्षं दर शनिवारी साधं लाकडी धनुष्य ओढायचे. साधं म्हणजे चाकं नाहीत, नेम धरायची भिंगं नाहीत. लाकूड, दोरी आणि आपला खांदा. अंकल आमचे शिक्षक, सत्तरीचे चिनी गृहस्थ. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये त्यांच्या एका शेतकरी मित्राच्या उसात रानडुकरं धुमाकूळ घालायची, म्हणून ते दरवर्षी आठवडाभर तिथे जायचे.

"यंदा तू चल," ते म्हणाले. "पण ब्रॉडहेड तुझं तू निवडायचं."

ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाचं धारदार पात्यांचं टोक. आम्ही निशाण्यावर जे मारायचो ते नुसतं बोथट गोळीसारखं असायचं. अंकलची अट एकच होती. "तुला स्वतःला, तिथे रानात बसून, धार लावता येईल असंच घे. धार गेलेल्या टोकाने डुक्कर मरत नाही, दोन दिवस तडफडत फिरतं. ते मला चालणार नाही."

मी क्लेमेंटीच्या घरी पोहोचले ती जवळजवळ पळतच. नवरा मरीन इंजिनिअर, नुकताच जहाजावरून उतरून सुट्टीवर आलेला. मी चपला काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. आमची पंधरा वर्षांची मुलगी सोफ्यावरून उठून उभीच राहिली.

"आई! सो गँगस्टर लाह!" इथल्या इंग्रजीत म्हणजे, काय भारी!

नवऱ्याने मात्र लगेच लॅपटॉप ओढला. लोखंडाचा विषय निघाला की तो जेवण विसरतो. संध्याकाळपर्यंत त्याची निवड झाली होती: दोन पात्यांचं, लांबट, अतिशय कडक पोलादाचं. "याची धार टिकते," तो म्हणाला. "आणि तुझं धनुष्य हलकं आहे. दोन पाती आत सहज जातात. तीन पात्यांना जास्त जोर लागतो."

त्याचं म्हणणं खरं होतं. मीही वाचलं होतं ते. पण मला धार लावता येईल का, हे वाचून कळणार नव्हतं. टोकं मागवायची ती थेट शेताच्या पत्त्यावर, परवान्याची कटकट नको म्हणून सिंगापुरात आणायचीच नव्हती. म्हणजे हातात न धरताच ठरवायचं.

तोडगा त्यानेच काढला. ओळखीच्या वर्कशॉपमधून त्याने पोलादाचे तीन तुकडे करून आणले. टोक नाही, बाणाला बसवायची सोय नाही, फक्त कडा. एक कडक पोलादाचा चपटा, एक तसाच पण मऊ पोलादाचा, आणि तिसरा मऊ पोलादाचाच, पण तीन पात्यांचा. रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, कानस आणि धारेचा दगड काढला.

कडक तुकड्यावर मी कानस चालवली तर ती काचेवरून घसरावी तशी सरकली. त्याने दगडावर तोच तुकडा पंधरा मिनिटांत असा केला की ताणलेलं रबरबँड नुसतं टेकवल्यावर तुटलं. माझ्याकडून अर्ध्या तासानेही तुटलं नाही. मग मऊ चपटा घेतला. नवऱ्याने कडेला काळं मार्कर फासलं. "घासल्यावर काळं कुठे उरतंय ते बघ." माझं काळं कधी वर उरायचं, कधी खाली. हाताचा कोन दर वेळी बदलत होता.

"दे, मी सगळी लावून देतो," तो म्हणाला.

"कशी देशील? ती शेतावर जाणार आहेत. आणि रानात धार गेली की काय करू? तुला जहाजावर फोन करू?"

तो हसला आणि त्याने तिसरा तुकडा पुढे सरकवला. तीन पाती, त्यामुळे त्यातली कुठलीही दोन कानशीवर एकदम सपाट टेकत होती. कोन सांभाळायचा प्रश्नच नाही. मी दाबून पुढे ढकललं, फिरवलं, पुन्हा ढकललं, पुन्हा फिरवलं. चार फेऱ्यांत काळं साफ! तिन्ही कडांवरून, सारखं! शेवटी हलक्या हाताने दोनदा. रबरबँड फटकन तुटून मुलीच्या कपाळावर बसलं आणि मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या आंटींनी गॅलरीतून विचारलं, काय झालं?

"हेच," मी म्हटलं.

"जोर कमी पडेल," नवरा म्हणाला. मी अंकलना फोन लावला. ते म्हणाले, "बाण जड ठेव. पंधरा पावलांच्या आत, जनावर आडवं उभं असेल तरच सोड. नाहीतर सोडू नकोस." मी त्याच मिनिटाला सहा टोकं मागवली, मऊ पोलादाची.

शेतावर पहिल्या सकाळी माझा बाण डुकराच्या पाठीवरून गेला आणि खडीत घुसला. गाडीच्या मागच्या फळीवर बसून मी त्या टोकाच्या दुमडलेल्या कडा कानशीवर घासल्या. दहा मिनिटांत धार परत आली. अंकलनी ती नखावर टेकवून पाहिली आणि बाण मला परत दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, कोरड्या ओढ्यात, एक काळा नर चिखल उकरत उभा होता. आडवा. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता, आमचा वास त्याला जाणार नव्हता. मी बारा पावलांपर्यंत कशी पोहोचले ते मला आजही नीट आठवत नाही. छाती एवढी धडधडत होती की ती त्याला ऐकू जाईल असं वाटलं. त्याच्या खांद्यामागच्या जागेवर नजर रोखली, दोरी गालापर्यंत ओढली आणि सोडली. तो एकदा उसळला, तीसेक पावलं पळाला आणि पडला. आम्ही पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं.

मी गुडघ्यांवर बसले. हसू येत होतं, डोळ्यांत पाणीही होतं. त्याच्या राठ केसांवर हात ठेवला. अजून गरम होता. अंकलनी माझ्या पाठीवर थाप मारली.

रेंज मिळाल्याबरोबर घरी फोन केला. "बाण कुठवर गेला?" नवऱ्याचा पहिला प्रश्न.

"आरपार!"

"आरपार?" मग त्याने मुलीला ओरडून सांगितलं, "अगं, आरपार गेला!" आणि मग दोघंही एकदम बोलायला लागले. मला कुणाचंच धड ऐकू येईना, कारण इकडे शेतकरी जीपमधून हात हलवत होता. बंधाऱ्यावर आणखी पाच डुकरं उतरली होती.